अपॉस्ट्रॉफी अडगळ नव्हे



इंग्रजीतील अपॉस्ट्रॉफी काढून टाकावी, असे सुचवणारे पत्र वाचले. इंग्लंडमधील नॉर्थ यॉर्कशायर कौन्सिलने २०२४ मध्ये रस्त्यांच्या पाट्यांवरून हे चिन्ह वगळायचे ठरवले, हा पत्रलेखकांचा दाखला खरा, पण अर्धाच. लोकांनी आक्षेप घेतल्यावर कौन्सिलने त्याच वर्षी निर्णय फिरवला. केंब्रिजमध्येही २०१४ साली हेच घडले होते.

‘संदर्भावरून अर्थ कळतोच’ हेही पटत नाही. ‘माय ब्रदर्स हाउस’ लिहिताना चिन्ह ‘एस’च्या आधी आले तर घर एका भावाचे, नंतर आले तर अनेक भावांचे. मृत्युपत्रात एवढ्यावरून वाद उभा राहील.

नियमही अवघड नाहीत. नामाची मालकी दाखवायची असेल किंवा अक्षर गाळले असेल, तर चिन्ह द्यावे. साध्या अनेकवचनाला देऊ नये. ‘इट्स’ म्हणजे ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ असेल तर चिन्ह हवे. ‘त्याचे’ या अर्थी नको, कारण ‘हिज’, ‘हर्स’ यांसारख्या सर्वनामांनाही ते लागत नाही.

मुले चुकतात म्हणून चिन्हच हद्दपार करणे हा उपाय नव्हे. शाळांनी ते पाठ करून न घेता अर्थासह शिकवावे, ही कळकळीची विनंती.

– इंग्रजीची एक शिक्षिका, सातारा