वाऱ्याचे नाव



गेल्या वैशाखात काही दिवस आमचा मुक्काम जैनाबादेस होता. तापीच्या उत्तर तीरावर बुऱ्हाणपूर शहर आणि समोरच्या तीरावर हे लहानसे गाव. १६३१ साली मुमताज महल बुऱ्हाणपुरात निवर्तली, तेव्हा आग्ऱ्यास नेईपर्यंत तिचा देह येथल्याच आहूखान्याच्या बागेत ठेवला होता.

गावाचे नाव ऐकून आमची समजूत अशी की, येथे पूर्वी जैनांची मोठी वस्ती असावी. ती समजूत साफ चुकीची निघाली. फारुकी घराण्यातील नसीरखानाने दोन सुफी संतांच्या स्मरणार्थ ही दोन गावे वसवली, असे जुने इतिहासकार सांगतात. शेख बुऱ्हाणुद्दीनांवरून बुऱ्हाणपूर आणि शेख झैनुद्दीनांवरून झैनाबाद, म्हणजेच आजचे जैनाबाद. दोन्ही संत आपल्या खुलदाबादेस चिरनिद्रा घेत आहेत. केवळ नावावरून वस्तू ओळखू पाहणारा कसा फसतो, याचा हा पहिला धडा. दुसरा धडा त्याच आठवड्यात मिळाला. तो मात्र अधिक कठोर होता.

दुपारचे दोन वाजले असतील. केळीच्या बागेत मजुरी करणाऱ्या एका गृहस्थांना घरच्यांनी बाजेवर घालून आणले होते. डोळे तारवटलेले, अंग निखाऱ्यासारखे, आणि तोंडाने असंबद्ध बोलणे चाललेले. त्यांची पत्नी रडत म्हणाली, “फादर, ह्यांना वारं लागलंय. काल ओढ्यावरून एकटेच आले होते. तुम्ही प्रार्थना करा.” एका वृद्धाने कुणा जाणत्यास बोलावण्याचा सल्ला दिला. आम्ही प्रार्थनेचे पुस्तक आणि मंतरलेल्या पाण्याची लहान बाटली घेऊन बाजेजवळ बसलो. इतक्यात रुग्णसेवेत आयुष्य घालवलेल्या आमच्या सोबतच्या सिस्टर आत आल्या. रुग्णाच्या कपाळाला हात लावताच त्या म्हणाल्या, “फादर, बाटली राहू द्या, घागर आणा!”

घागरीमागून घागर रिती झाली. सदरा काढून अंग भिजवले, ओले पंचे काखेत व मानेवर ठेवले, दोघांनी पंखे धरले, आणि वाहन मिळताच त्यांना रुग्णालयात हलवले. ते गृहस्थ वाचले. परंतु आणखी अर्धा तास आम्ही तसेच बसलो असतो, तर काय झाले असते, हा विचार आजही आम्हांस स्वस्थ बसू देत नाही.

घोटाळा कोठे झाला? तो एका शब्दात झाला. आपल्या भाषेत ‘वारे’ हा शब्द किती ओझी वाहतो, ते पाहा. झाडे हलवतो तो वारा. अंगावरून जाते तेही वारे, म्हणजे पक्षाघात. अंगात येते तेही वारे, आणि ओढ्याकाठी लागते तेही वारेच. बुऱ्हाणपुराकडे उन्हाळ्यात वाहणाऱ्या तप्त, कोरड्या वाऱ्यास ‘लू’ म्हणतात आणि तिने होणाऱ्या विकारासही ‘लू’च. निदान तो शब्द उच्चारला असता, तरी उष्माघाताकडे लक्ष गेले असते. बाईंनी ‘वारं’ म्हटले आणि आम्ही सारे भलत्याच वाटेला लागलो. हिब्रू भाषेतही वारा, श्वास आणि आत्मा या तिहींस ‘रुआह’ हा एकच शब्द आहे. तो शास्त्र्यांनी आम्हांस मोठ्या कौतुकाने शिकवला होता. प्रसंगी तीन अर्थ वेगळे ओळखण्याची परीक्षा मात्र जैनाबादेस द्यावी लागली, आणि तीत आम्ही नापास झालो.

लू हा खरा डोंगरी वारा नव्हे. ती तापलेल्या सपाट मुलखावरून येते. डोंगर उतरताना कोरडा होणारा वारा निराळा. सह्याद्रीचे उदाहरण घ्या. समुद्रावरची दमट हवा घाट चढू लागली की थंड होते, तिच्यातील बाष्पाचे पाणी होते आणि त्या वेळी सुटणाऱ्या उष्णतेमुळे ती हजार मीटरला सुमारे ६ अंशच निवते. पाऊस सांडून पलीकडे उतरताना तीच हवा हजार मीटरला सुमारे १० अंश तापते. म्हणून महाबळेश्वरास वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पायथ्याच्या वाईस त्याचा लहानसा हिस्साच पदरात पडतो, आणि पुढे माण-खटाव पाण्यासाठी आकाशाकडे पाहत राहतात.

आल्प्स पर्वतातील अशा वाऱ्यास ‘फ्योन’ म्हणतात. जर्मन घरांत केस वाळवण्याच्या यंत्रासही तेच नाव पडले. अमेरिकेतील रॉकी पर्वताच्या पूर्वेस वाहतो तो ‘चिनूक’; ‘बर्फ खाणारा वारा’ असेही त्यास म्हणतात. २२ जानेवारी १९४३ रोजी स्पिअरफिश या गावी त्याच्यामुळे दोन मिनिटांत पारा उणे २० अंशांवरून ७ अंशांवर चढला. चिनूक नावाचा मासा आहे, आणि आपल्या वायुदलात २०१९ साली आलेल्या अवजड हेलिकॉप्टरचे नावही चिनूकच. सिलक्यारा बोगद्यातून २०२३ साली सुटलेल्या ४१ मजुरांना ऋषिकेशच्या रुग्णालयात त्यानेच नेले.

परंतु हे नाव मुळात कोणाचे? कोलंबिया नदीच्या मुखाशी राहणाऱ्या एका आदिवासी जमातीचे. वाऱ्याने ते घेतले, माशाने घेतले, यंत्राने घेतले. त्या जमातीस मात्र अमेरिकेच्या सरकारने २००१ साली अधिकृत मान्यता दिली आणि २००२ साली ती काढून घेतली. नाव जगभर उडते आहे, आणि ज्यांचे ते नाव, त्यांना आपण कोण हे सिद्ध करण्यासाठी झगडावे लागले.

म्हणून वाचकहो, शब्द तोंडी येताच त्यामागचा माणूस पाहावा, एवढेच आमचे मागणे. बागायतदार केळीभोवती शेवरीचे किंवा गजराज गवताचे दाट कुंपण घालून झाडांना तप्त वाऱ्यापासून वाचवतात. त्याच बागेत राबणाऱ्या मजुरास मात्र दुपारी दोन तासांची सावली देणे आपणांस जड वाटते. कामावर जाणाऱ्याने पाणी जवळ ठेवावे, पन्हे किंवा ताक घ्यावे. आणि उन्हातून आलेला माणूस तापून असंबद्ध बोलू लागला, तर घाम असो वा नसो, त्याला सावलीत न्यावे, अंग पाण्याने भिजवावे, वारा घालावा, शुद्ध नसल्यास तोंडात पाणी ओतू नये, आणि विलंब न लावता रुग्णालय गाठावे. प्रार्थना वाटेत करावी. ती वाहनातही ऐकली जाते.

निरोप घेताना त्या बाईंनी आमच्या हाती केळ्यांची फणी ठेवली. आम्ही ती सिस्टरांच्या स्वाधीन केली. तिच्यावर हक्क त्यांचाच होता.