अभ्यासक्रम आणि विद्यार्थ्यांची साक्ष

शाळेत काय शिकवावे हा प्रश्न महाराष्ट्रात अधूनमधून उफाळून येतो आणि प्रत्येक वेळी त्याचे रूपांतर मोठ्या माणसांच्या भांडणात होते. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी लादण्याचा १६ एप्रिल २०२५ चा शासननिर्णय, त्यात शाब्दिक फेरफार करणारा १७ जूनचा दुसरा निर्णय आणि लोकक्षोभापुढे नमते घेऊन २९ जून रोजी दोन्ही निर्णय मागे घेतल्याची घोषणा, हा सारा घटनाक्रम अवघ्या अडीच महिन्यांत घडला. राजकीय पक्ष बोलले, साहित्यिक बोलले, शिक्षकांच्या संघटना बोलल्या. पुढे डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली. ज्यांना तीन भाषांचे ओझे प्रत्यक्ष वाहायचे होते त्यांचे या सर्व काळात काय म्हणणे होते, हे विचारावे असे फारसे कोणाला सुचले नाही. सहा वर्षांच्या बालकाला भाषाधोरण विचारता येत नाही, हे उघड आहे. परंतु तीन भाषा शिकून दहावीपर्यंत पोचलेल्या मुलामुलींना त्यांचा अनुभव विचारता आला असता.

शाळेत काय शिकवावे हे ठरविण्यात विद्यार्थ्यांचा वाटा असावा काय, हा प्रश्न म्हणूनच वाटतो तितका पोरकट नाही. त्याचे उत्तर देण्यापूर्वी त्यातील दोन भाग वेगळे केले पाहिजेत. समाजाने पुढच्या पिढीला कोणते ज्ञान आणि कोणती मूल्ये द्यावीत, हा पहिला भाग. ते ज्ञान कोणत्या क्रमाने, कोणत्या शब्दांत आणि कोणत्या उदाहरणांनी दिले असता मुलांपर्यंत पोचते, हा दुसरा. पहिल्या भागाचा निर्णय समाजाने आणि विषयाच्या जाणकारांनीच करावयाचा आहे. दुसऱ्या भागात मात्र विद्यार्थ्याइतका जवळचा साक्षीदार दुसरा नाही, आणि नेमकी ही साक्ष न घेताच आपल्याकडे निकाल दिले जातात.

२०१९ मधील संख्यावाचनाचा वाद या दृष्टीने आठवण्याजोगा आहे. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’ या रूढ वाचनाबरोबर ‘वीस सात’ असे वाचन आले आणि महाराष्ट्रभर थट्टेला ऊत आला. विषय विधानसभेत गेला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी शांतपणे कारण सांगितले होते. मराठी संख्यानामांत जोडाक्षरे पुष्कळ. शिवाय लिहिताना दशक आधी आणि बोलताना एकक आधी, असा उलटा क्रम. त्यामुळे लहान मुले गोंधळतात. हा बदल योग्य की अयोग्य याविषयी मतभेद होऊ शकतो. परंतु वाद होता तो मुलांना काय अवघड जाते याविषयीचा, म्हणजे शंभर वर्गांत बसून मुलांकडून पडताळून घेता येईल अशा एका साध्या वस्तुस्थितीविषयीचा. तो लढला गेला सभागृहात आणि व्यंगचित्रांत.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत नोंदींसाठी कोरी पाने जोडण्यात आली. हेतू स्तुत्य होता. पण मुले वह्या आणीतच राहिली, पुस्तकांची जाडी वाढली, आणि जानेवारी २०२५ मध्ये ही पाने काढून टाकण्याचा निर्णय शासनाला घ्यावा लागला. मुलांनी या योजनेविरुद्ध मोर्चा काढला नाही की निवेदन दिले नाही. त्यांनी फक्त ती पाने वापरली नाहीत. विद्यार्थ्यांचे मत अखेर विचारात घ्यावेच लागते, फरक इतकाच की आधी विचारले तर ते स्वस्त पडते आणि नंतर कळले तर महाग.

कायद्याच्या भाषेत पाहिले तर मुलाला बोलण्याचा अधिकार आपण केव्हाच देऊन बसलो आहोत. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचे बारावे कलम सांगते की, ज्या गोष्टींचा मुलावर परिणाम होतो त्यांविषयी त्याचे मत, त्याचे वय व समज पाहून, विचारात घेतले पाहिजे. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातील एकोणतिसावे कलम तर अभ्यासक्रमाविषयीचेच आहे. मुलाला भयमुक्त करणे आणि मोकळेपणाने मत मांडण्यास साहाय्य करणे, हे ते अभ्यासक्रमाचे एक सूत्र मानते. मात्र मत मांडायचे ते अभ्यासक्रमाच्या आत. अभ्यासक्रमाविषयी मत मांडण्याची सोय त्यात नाही. शाळा व्यवस्थापन समितीत विद्यार्थ्यांना घेण्याची वाट केंद्राच्या आदर्श नियमांनी ठेवली आहे. परंतु ही समिती शाळेचा विकास आराखडा करते, धडे ठरवीत नाही. विद्यापीठांच्या पातळीवर २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने अभ्यासक्रमाच्या चर्चेसाठी विद्यार्थ्यांना बोलावण्याची तरतूद केली, तीही केवळ गुणवत्तेत अग्रस्थानी असलेल्यांपुरती. ज्याला सगळे समजले त्याला बोलवायचे आणि जो जागोजागी अडखळला त्याला बाहेर ठेवायचे, हा न्याय विचित्र आहे. रस्त्यावरचे खड्डे कोठे आहेत हे विमानाने प्रवास करणारा सांगू शकत नाही.

ही गोष्ट पुण्या-मुंबईपेक्षा कन्नड तालुक्यातील पिशोरसारख्या गावाला अधिक जाचणारी आहे. मका, कपाशी आणि आले यांच्यावर जगणारा हा परिसर. येथील मुलगा दहावीला जी प्रश्नपत्रिका सोडवितो तीच पुण्यातील मुलगा सोडवितो, आणि ते योग्यच आहे. परंतु पुस्तक तयार होत असताना पुण्यातील मुलाची अडचण लेखकाच्या घरातच त्याच्या कानावर पडते. पिशोरच्या मुलाची अडचण गुणपत्रिकेतून कळते, आणि तेव्हा ती अडचण न राहता त्याचे अपयश ठरलेली असते. मराठवाड्यातील ऊसतोडणी कामगारांच्या मुलांचे तर याहून बिकट. दिवाळीच्या सुमारास कुटुंब कारखान्याकडे निघते ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. जून ते एप्रिल अशी आखलेली धड्यांची मांडणी या मुलांना विचारून केली असती, तर ती अशी खचितच झाली नसती.

मुलांच्या जीवनाकडे पाहून शाळा बदलल्याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालविली. मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांना दोष न देता शाळाच कुरणात नेली. त्या मुलांनी ठराव करून मागणी केली नव्हती. त्यांची गैरहजेरी हेच त्यांचे म्हणणे आहे, हे ओळखणारे शिक्षक त्यांना लाभले, इतकेच.

यावर आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, मुलांना विचारले तर ती गणितच नको म्हणतील. काही म्हणतीलही. पण रुग्णाला कोठे दुखते हे विचारणारा डॉक्टर औषधाची चिठ्ठी त्याच्या हाती देत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विद्यार्थ्यांना अधिकार दिले की पक्षोपपक्ष शाळेत शिरतील, असे म्हटले जाते. महाविद्यालयीन निवडणुकांत शिरलेल्या हिंसेमुळे १९९४ च्या कायद्याने त्या प्रत्यक्ष निवडणुका बंद कराव्या लागल्या, हा इतिहास ताजा आहे. म्हणूनच शालेय पातळीवर निवडणूक नको, मतदान नको; हवी ती पद्धतशीर विचारपूस. शिवाय मराठवाड्याचा अनुभव असाही आहे की, ज्यांना वर्गात विचारले जात नाही ते रस्त्यावर येऊन बोलतात. १९३८ ची वंदे मातरम् चळवळ विद्यार्थ्यांची होती, १९७४ चे मराठवाडा विकास आंदोलनही विद्यार्थ्यांनीच पेटविले.

तिसरा आक्षेप हितचिंतकांचा आहे. ग्रामीण मुलांच्या आवडीप्रमाणे शिकवू लागलो तर त्यांच्या वाट्याला नांगर आणि शहरी मुलांच्या वाट्याला संगणक येईल, अशी त्यांना भीती वाटते. ही भीती रास्त आहे. परंतु पिशोरच्या मुलाला आल्याच्या लागवडीचाच धडा हवा असेल, हे गृहीतही मोठ्यांचेच. कदाचित त्याला तो हवा असेल, कदाचित उत्तम इंग्रजी हवे असेल, कदाचित दोन्ही. त्याच्या नावाने परस्पर ठरविणे हाच तर मूळ दोष आहे, मग ते त्याच्या उद्धारासाठी असो वा परंपरेच्या रक्षणासाठी.

करावयाचे ते फार खर्चाचे नाही. कोणतेही नवे पाठ्यपुस्तक राज्यभर छापण्यापूर्वी वेगवेगळ्या विभागांतील शाळांत वर्षभर चालवून पाहावे, आणि त्या वेळी शिक्षकांबरोबर मुलांच्या, विशेषतः मागे पडणाऱ्या मुलांच्या, अडचणी लेखी नोंदवाव्यात. तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्हावार काढणाऱ्या राज्याला वरच्या इयत्तांत आठवड्यातील दोन तास मोकळे ठेवणे अशक्य नाही. त्या तासांचा विषय आठवीपासूनच्या मुलांनी शिक्षकांसह ठरवावा. अंजना नदीचे पाणी उन्हाळ्यात कोठे जाते, बाजारात आल्याचा भाव कोण ठरवितो, की संगणकाची भाषा कशी लिहितात, हे त्यांनी निवडावे. आणि मुलांची जी सूचना मान्य होणार नाही ती का मान्य नाही, हे त्यांना कळवावे. कारण ऐकून घेण्याचे नाटक मोठ्यांपेक्षा मुलांना लवकर ओळखू येते.

अठराव्या वर्षी आपण तरुणाच्या हाती मतपत्रिका देतो आणि त्याने विवेकाने देशाचे सरकार निवडावे अशी अपेक्षा करतो. त्याआधीची दहा-बारा वर्षे ज्याला स्वतःच्या पुस्तकातील एका पानाविषयीही कोणी विचारले नाही, त्याच्याकडून ती अपेक्षा कोणत्या शिक्षणाच्या बळावर करावयाची, याचे उत्तर अभ्यासक्रम ठरविणाऱ्यांनी दिले पाहिजे.