मंत्रचळाचा इलाज डब्यात नाही

हात स्वच्छ असूनही एखादी बाई ते वीस-वीस वेळा धुते. कडी लावली का, गॅस बंद केला का, हे पाहायला एखादा माणूस रस्त्यातून पुन्हा पुन्हा घरी परततो. हे उगाच आहे हे त्यांनाही कळतं, पण केल्याशिवाय चैन पडत नाही. हा ओसीडी, म्हणजे मंत्रचळ. पाण्याची टंचाई असलेल्या वस्तीत अशा बाईला 'मोठी सोवळ्यातली' म्हणून टोमणे बसतात. काळाराम मंदिराच्या दारात विटाळाविरुद्ध लढलेल्या आपल्या समाजात हा टोमणा जास्तच झोंबतो. पण हे सोवळं नाही, नखरा नाही, बाहेरचंही काही नाही. हा आजार आहे.

पंचवटीच्या वस्त्यांत फिरताना अशा घरांत आम्हाला पावडरीचे डबे दिसतात. ओळखीतलंच कुणीतरी 'मेंदूची ताकद' म्हणून ते विकून जातं. आमचं स्पष्ट मत आहे, मजुरीचा पैसा यात घालू नका.

इनॉसिटॉल रोज १८ ग्रॅम देऊन १९९६ साली अभ्यास झाला. फायदा दिसला, पण रुग्ण होते अवघे १३. पुढे चालू गोळ्यांच्या जोडीला दिलं, तेव्हा वेगळा फायदा दिसला नाही. एन-ॲसिटिल सिस्टीनचा काही अभ्यासांत उपयोग दिसला, काहींत नाही. सेंट जॉन्स वर्ट किंवा फाइव्ह-एचटीपी ओसीडीच्या गोळ्यांसोबत घेतलं तर थरथर, ताप, गोंधळ होऊन जिवावर बेतू शकतं. असं उत्पादन 'औषधी वापरासाठी नाही' हे डब्यावर छापणं कायद्यानेच बंधनकारक आहे. रक्त किंवा बी-१२ कमी असेल, तर तपासून जरूर भरून काढा. पण ती मंत्रचळावरची गोळी नव्हे.

खरा इलाज दोन पायांवर उभा आहे. एक, डॉक्टरांनी दिलेली फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिनसारखी गोळी. गुण यायला ६ ते १२ आठवडे लागतात, म्हणून मध्येच सोडू नका. दुसरा, हात न धुता बेचैनी ओसरेपर्यंत थांबण्याचा सराव, समुपदेशकाच्या मदतीने, थोडा थोडा.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, कार्ड नसलं तरी, सरकारी दवाखान्यात हे उपचार मोफत मिळाले पाहिजेत. ही मेहेरबानी नाही, हक्क आहे. 'टेली-मानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. पुढचा डबा घेण्याआधी तेच पैसे जिल्हा रुग्णालयापर्यंतच्या रिक्षाभाड्याला ठेवा, आणि पेशंटसोबत घरातलं एक माणूस जा.