समारंभ, सेवा आणि वाचक : पवईच्या निमित्ताने

मराठी साहित्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात ‘वाचक’ ही संकल्पना आता चांगलीच स्थिरावली आहे. हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये कॉन्स्टान्स विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानापासून साहित्येतिहासाच्या केंद्रस्थानी वाचकाचा स्वीकार आणि त्याचे अपेक्षाक्षितिज आले. पुढे वोल्फगांग इझर यांनी संहितेतील रिक्त जागा वाचक कशा भरतो, याचे विवेचन केले. योगायोग असा की, त्याच १९६७ मध्ये ‘महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम’ संमत झाला. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. तथापि एकीने वाचकाला सिद्धान्तात स्थान दिले आणि दुसरीने त्याला गावात व पेठेत बसण्यासाठी जागा देऊ केली, हे लक्षणीय आहे. मराठी विभागांनी पहिल्या घटनेची दखल घेतली. दुसरी मात्र प्रशासनाची बाब म्हणून बाजूला ठेवली. या फारकतीमुळे साहित्याचा अभ्यास आणि सार्वजनिक ग्रंथालय या दोहोंचेही नुकसान झाले आहे, असे म्हणावे लागते.

ग्रंथालयांच्या कार्यक्रमांकडे पाहिले तर या नुकसानीचे स्वरूप ध्यानात येते. सार्वजनिक ग्रंथालयाचे वर्ष ठरावीक तिथींनी बांधलेले असते. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, १२ ऑगस्टला डॉ. शि. रा. रंगनाथन यांच्या स्मरणार्थ ग्रंथपाल दिन, २०१५ पासून १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, १४ ते २० नोव्हेंबर या काळात राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह आणि सवडीने जिल्ह्याचा ग्रंथोत्सव, असा हा क्रम असतो. दीपप्रज्वलन, ग्रंथप्रदर्शन, पाहुण्यांचे भाषण आणि आभारप्रदर्शन झाले की छायाचित्रासह अहवाल फायलीत जातो. हे सारे त्याज्य आहे असे नव्हे. समारंभामुळे ग्रंथालयाचे अस्तित्व परिसराला जाणवते आणि कार्यकर्त्यांचा हुरूप टिकतो. प्रश्न दुसऱ्या दिवशीचा आहे. व्याख्यान ऐकून घरी गेलेल्या श्रोत्याला त्या लेखकाचे पुस्तक देवघेव विभागात सहज सापडते काय? ते वाचल्यावर पुढे काय वाचावे, हे सांगणारे कोणी तेथे असते काय? समारंभ आणि सेवा यांतील अंतर या दोन प्रश्नांत सामावलेले आहे.

मराठी ग्रंथालयांच्या परंपरेत हे अंतर नेहमीच इतके मोठे नव्हते. १८९३ मध्ये ठाण्याचे आणि १८९८ मध्ये मुंबईचे मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले, तेव्हा मराठी ग्रंथांचा संग्रह करणे हेच एक सांस्कृतिक कार्य होते. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने १९४८ मध्ये मराठी संशोधन मंडळ सुरू केले. अ. का. प्रियोळकर यांच्यासारखा संशोधक त्याला लाभला आणि १९५३ पासून ‘मराठी संशोधन पत्रिका’ प्रसिद्ध होऊ लागली. म्हणजे सार्वजनिक ग्रंथालयाच्या छत्राखाली संशोधनाची संस्था उभी राहिली आणि तिचे फळ विद्यापीठांच्या पदरात पडले. शं. ग. दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चे १९४४ आणि १९६१ मधील खंड हाताशी नसते, तर मराठीतील कितीतरी प्रबंधांची पहिली प्रकरणे लिहिता आली नसती. सूची करणे, जुने अंक जतन करणे, विचारणाऱ्याला संदर्भ काढून देणे या कामांना टाळ्या मिळत नाहीत. परंतु ग्रंथालयाचा खरा उपक्रम तोच होय.

या पार्श्वभूमीवर पवईसारख्या उपनगराचा विचार उद्बोधक ठरतो. तलावाच्या परिसरातील तिरंदाज, पासपोली, तुंगवा ही जुनी गावे आणि पाडे, १९५८ मध्ये स्थापन झालेली व १९५९ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते जिची येथे पायाभरणी झाली ती भारतीय तंत्रज्ञान संस्था, विहार तलावालगतची, आता भारतीय व्यवस्थापन संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था, डोंगरउतारावरच्या वस्त्या, आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून उभे राहिलेले उंच इमारतींचे संकुल, असे अनेक थर येथे एकमेकांना खेटून आहेत. दोन राष्ट्रीय संस्थांची ग्रंथालये या परिसरात आहेत. तथापि ती आपापल्या विद्यार्थी-संशोधकांसाठी आहेत, आणि ते स्वाभाविकही आहे. वस्तीतल्या मुलाला, निवृत्त कामगाराला किंवा संकुलात घरकामाला येणाऱ्या बाईला पुस्तक पुरवणे हे त्यांचे काम नव्हे. ते काम सार्वजनिक ग्रंथालयाचे आहे.

पार्ल्यात १९२३ मध्ये स्थापन झालेल्या लोकमान्य सेवा संघाचे श्री. वा. फाटक ग्रंथसंग्रहालय आहे, मुलुंडमध्ये महाराष्ट्र सेवा संघाचे न. चिं. केळकर ग्रंथालय आहे. या उपनगरांत वस्तीबरोबर संस्था वाढली आणि संस्थेच्या पोटी ग्रंथालय आले. एकमेकांना ओळखणारा, वर्गणी गोळा करणारा, कार्यवाहपद हौसेने मिरवणारा मध्यमवर्ग त्यामागे होता. पवईचा नवा भाग असा वाढला नाही. तेथे घरे, दुकाने आणि उद्याने आराखड्यानुसार एकदमच आली. रहिवासी मागाहून आले आणि ते अनेक भाषांचे होते. अशा ठिकाणी ग्रंथालय आपोआप उगवेल, अशी अपेक्षा करता येत नाही.

येथे अधिनियमाची एक मर्यादा उघड होते. १९४८ च्या मद्रास अधिनियमात, ज्यामागे रंगनाथन यांची प्रेरणा होती, ग्रंथालय कराची तरतूद होती. महाराष्ट्राने कर टाळला आणि लोकांनी चालवलेल्या ग्रंथालयांना मान्यता व अनुदान देण्याचा मार्ग स्वीकारला. या धोरणाचे श्रेय नाकारता येणार नाही. खेडोपाडी हजारो ग्रंथालये त्यामुळेच टिकून राहिली. परंतु या रचनेत शासन मागून येते, आधी संस्था असावी लागते. जेथे संस्था उभी करणारा वर्गच नाही, तेथे अधिनियम हात जोडून उभा राहतो. २०१२ मधील राज्यव्यापी पडताळणीनंतर नव्या मान्यता दीर्घकाळ थांबल्या आणि मुंबईची नवी उपनगरे तर याच काळात भरत गेली. ज्यांच्याकडे परंपरा होती त्यांचे ग्रंथालय राहिले. ज्यांना त्याची अधिक गरज होती ते बाहेर राहिले.

मग इमारत आणि मान्यता मिळेपर्यंत थांबावे काय? पूर्वानुभव तसे सांगत नाही. सयाजीराव गायकवाड यांच्या बडोदे संस्थानात १९१० नंतर ग्रंथालयांचे जाळे विणले गेले, तेव्हा गावोगाव फिरत्या ग्रंथपेट्या पाठवल्या जात. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या २००९ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमाने त्याच कल्पनेला नवे रूप दिले आणि मराठी पुस्तकांच्या पेट्या परदेशातील वाचकांपर्यंतही पोचवल्या. दुबईच्या वाचकाला जी पेटी मिळू शकते, ती पवईच्या डोंगरउतारावर का पोचू नये? मुलुंड, घाटकोपर किंवा अंधेरीच्या एखाद्या जुन्या ग्रंथालयाने पेटी द्यावी, जवळच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाने ती फिरवावी आणि दर पंधरा दिवसांनी तिच्याभोवती वाचकांना एकत्र बसवावे, यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

या ठिकाणी दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, वाचकच उरलेला नाही. दूरदर्शन संचाने सुरू केलेले काम भ्रमणध्वनीने पूर्ण केले. परंतु ठिकठिकाणच्या अभ्यासिका या विधानाला पुष्टी देत नाहीत. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे तरुण तेथे सकाळपासून जागा धरून बसतात. ते ग्रंथालयात येतात, पण ग्रंथालयाचे वाचक होत नाहीत, कारण त्यांच्याशी बोलायला ग्रंथालयाकडे कोणी नसते. ज्या तरुणाला घरी पाय पसरायला जागा नाही म्हणून तो अभ्यासिकेत येतो, त्याच्या हाती त्याच्याच जगण्याविषयी लिहिलेले आत्मकथन किंवा कादंबरी कोण ठेवणार, हा खरा प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या ग्रंथालय सेवकाकडून आणखी सेवेची अपेक्षा करणे अन्यायाचे नव्हे काय? राज्य आणि जिल्हा ग्रंथालय संघांच्या अधिवेशनांत अनुदानवाढ, वेतनश्रेणी आणि सेवानियम यांचे ठराव वर्षानुवर्षे होत आले आहेत. त्यांवर नाक मुरडण्याचा अधिकार वेतनश्रेणीचा लाभ घेणाऱ्या प्राध्यापकांना तरी नाही. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढीचा निर्णय झाला; पण अनेक वर्षांच्या खंडानंतर आलेली ही वाढ सेवकाला प्रतिष्ठेने जगवण्याइतकी नाही. मात्र वेतनाची मागणी आणि सेवेचा आग्रह या परस्परविरोधी गोष्टी नव्हेत. ग्रंथालयात नेमके कोणते कौशल्याचे काम चालते हे समाजाला दिसले, तरच त्या कामाचे मोल मागता येते. केवळ समारंभ दिसत राहिले, तर सेवक हा खुर्च्या मांडणारा माणूस ठरतो. म्हणून अधिवेशनांत ठरावांइतकाच वेळ वाचनविषयक निबंधांना मिळावा आणि ते निबंध लिहिण्यासाठी साहित्याच्या अध्यापकांनी ग्रंथपालांच्या शेजारी बसावे.

निबंधांसाठी साधने मुबलक आहेत. जुन्या ग्रंथालयांतील दाखल नोंदवह्या, देवघेवीच्या नोंदी, सभासदांची पुस्तके, मागणीवह्या आणि व्याख्यानांचे अहवाल हा मराठी अभिरुचीचा अलिखित इतिहास आहे. एखादी गाजलेली कादंबरी एका शाखेत किती वेळा बाहेर गेली, दलित आत्मकथने उपनगरी ग्रंथालयात केव्हा दाखल झाली, स्त्री-सभासद कोणत्या दशकात वाढल्या, बालविभाग कधी ओस पडला, यांची उत्तरे सिद्धान्तग्रंथांत नसून या वह्यांत आहेत. अपेक्षाक्षितिजाची चर्चा करणाऱ्या विद्यार्थ्याला ते क्षितिज येथे तारीखवार पाहता येईल. परंतु संगणकीकरण झाले की जुन्या वह्या अडगळीत जातात आणि पुनर्विकासाच्या धामधुमीत त्यांच्यावरच पहिली कुऱ्हाड येते. एका पदव्युत्तर वर्गाने एका ग्रंथालयाच्या वह्या वाचून त्यांची सूची केली, तरी मराठी साहित्येतिहासाला नवे प्रकरण जोडले जाईल आणि त्या ग्रंथालयालाही आपल्या कामाची किंमत कळेल.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या निमित्ताने समारंभ झाले आणि ते व्हायलाच हवे होते. परंतु भाषेचे अभिजातपण तिच्या प्राचीनतेने सिद्ध होते, तर तिचे जिवंतपण आज तिचे पुस्तक कोणाच्या हाती आहे यावरून ठरते. पवईच्या तलावाकाठी ज्ञानाच्या दोन राष्ट्रीय संस्था उभ्या आहेत. त्यांच्या कुंपणाबाहेरच्या वस्तीत एक मराठी पुस्तक नियमितपणे पोचते की नाही, ही कसोटी लहान वाटेल. पण ग्रंथालय संघांच्या अधिवेशनांनी आणि विद्यापीठांच्या मराठी विभागांनी आपापल्या कार्याचे मोजमाप तिच्यावरच करावे. वाचक हा सिद्धान्त होण्यापूर्वी माणूस असतो, याचे भान ठेवण्यासाठी तेवढे पुरेसे आहे.