वाद बास करा, बास वाजवा!

‘प्रिसिजन की जॅझ?’ कुठल्याही कॉलेज बँडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा प्रश्न टाका आणि मजा बघा. ठाणे ते कल्याण, कुठेच एकमत होणार नाही. प्रिसिजनवाले म्हणणार, ‘साऊंड भरीव पाहिजे, बॉस!’ जॅझवाले म्हणणार, ‘भरीव कसला, गुदमरलेला आहे तो!’ मग कुणीतरी मध्येच यामाहा आणि आयबानेझ आणणार, यूट्यूबच्या लिंका पडणार आणि रात्री एकपर्यंत हेच. गंमत अशी, की भांडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी हे दोन बास एकापाठोपाठ एक हातात घेतलेलेच नसतात.

माझं मत सरळ आहे. सारख्या किमतीचे, सारख्या बनावटीचे दोन बास समोर असतील तर साऊंडवरून डोकं फोडण्यात अर्थ नाही. निवड करायची ती हाताने.

आधी थोडा इतिहास. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बास आणला. त्याआधी बास म्हणजे माणसाच्या उंचीचा डबल बास, उभ्याने वाजवायचा आणि फ्रेट नसलेला. फ्रेट आल्या, सूर नेमका लागायला लागला, म्हणून नाव प्रिसिजन. १९५७ मध्ये त्याला दोन तुकड्यांचा पिकअप मिळाला. आज आपण ज्याला ‘प्रिसिजनचा साऊंड’ म्हणतो तो हाच. १९६० मध्ये जॅझ बास आला. त्याला दोन सिंगल कॉइल पिकअप, त्यातला एक ब्रिजजवळ, त्यामुळे आवाजाला धार. मानही निमुळती, नटपाशी साधारण ३८ मिलिमीटर. प्रिसिजनची मान तिथे ४१ ते ४४ मिलिमीटर असते. चार-पाच मिलिमीटरने काय होतंय, असं वाटेल. दोन तास प्रॅक्टिस करा, मग मनगटच सांगेल!

आज नवशिक्यांच्या बजेटमध्ये मिळणारे बरेच बास म्हणजे या दोघांचंच मिश्रण. यामाहाचा टीआरबीएक्स १७४ घ्या किंवा आयबानेझचा जीएसआर २००. मानेकडे प्रिसिजनसारखा पिकअप, ब्रिजकडे जॅझसारखा. स्केल दोघांची ३४ इंच. म्हणजे ज्यांच्यावरून आपण भांडतोय ते सख्खे नाही तरी चुलत भाऊ नक्कीच आहेत.

‘पण व्हिडीओत फरक क्लिअर ऐकू येतो ना!’ येतो, पण कशाचा? बासची सगळ्यात जाड ई तार मोकळी वाजवली तर तिचा मूळ सूर ४१ हर्ट्झचा असतो. फोनचा स्पीकर तिथपर्यंत पोचतच नाही. आपल्याला ऐकू येतात ते त्याच्या वरचे सूर, बाकीचं मेंदू भरून काढतो. इअरफोन लावून डोंबिवली फास्टमध्ये ऐकत असाल, तर खालचे सूर गाडीची घरघर गिळते. त्यात आवाज कमी असला की कानाला खालचे सूर आणखी कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच दाखवून दिलंय. त्यामुळे दोन बासपैकी जो जरासा मोठ्याने रेकॉर्ड झालाय, तोच आपल्याला ‘जाडसर’ वाटतो आणि कमेंटमध्ये जिंकतो.

फरक नसतोच असं नाही. जॅझचा एकच पिकअप चालू ठेवलात तर विजेची ५० हर्ट्झची हम येते आणि अर्थिंग धड नसलेल्या सोसायटी हॉलमध्ये ती चांगलीच छळते. ही हम ई तारेवरच्या तिसऱ्या फ्रेटच्या सुराला जवळजवळ चिकटूनच असते. दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम सारखे केले की बहुतेक हम जाते. प्रिसिजनच्या पिकअपमध्ये ती मुळातच मारलेली असते. हे माहीत असायलाच हवं. पण साऊंडमधला सगळ्यात मोठा फरक पाडतात तारा आणि बोटं. नव्या राउंडवाउंड तारा खणखणतात, जुन्या फ्लॅटवाउंड गोल वाजतात. मोटाउनचा जेम्स जेमरसन प्रिसिजनवर जुन्याच फ्लॅटवाउंड तारा ठेवून एका बोटाने वाजवायचा. जॅको पास्टोरियसने जॅझला गाता गळा दिला तो फ्रेट नसलेल्या मानेवर. नुसतं मॉडेल विकत घेऊन हे मिळत नाही.

उरतो तो फील. मान हातात बसते का? पट्टा लावून उभं राहिल्यावर हेडस्टॉक खाली झुकतो का? तारा फ्रेटपासून किती उंच आहेत? यातही एक मेख आहे. एकाच मॉडेलचे दोन पीस दुकानात वेगळे लागतात, कारण त्यांचा सेटअप वेगळा असतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड दमट होतं, मान किंचित वाकते, तारांची उंची बदलते. मग आपण म्हणतो, ‘हा ब्रँडच बेकार!’ ट्रस रॉड थोडा फिरवला की तोच बास लोण्यासारखा वाजतो. म्हणून नापास करण्याआधी सेटअप करून मागा.

दुकानात गेलात की दोन्ही बास एकाच अ‍ॅम्पवर लावा. नॉब सारखे, व्हॉल्यूम सारखा. पाठ करून उभे राहा आणि मित्राला वाजवू द्या. कुठला बास कुठला, ते ओळखून दाखवा! मग स्वतः उभ्याने वीस-वीस मिनिटं वाजवा. ‘दादा, जरा प्लग करून बघू का?’ हे विचारायला लाजू नका. धोबीतलावला फुर्टाडोजसारखं १८६५ पासूनचं दुकान आहे. कल्याणहून जायला तासाच्या वर लागतो, पण वीसेक हजारांसाठी तेवढं चालतं.

आणि हे वीस हजारच खरा मुद्दा आहेत. आपल्यातल्या बहुतेकांना ते घरी एकदाच मागता येतात. मान हातात बसली नाही, तर चार महिन्यांत बास कपाटामागे जातो आणि ‘सांगितलं होतं ना’ हे वाक्य पुढे कित्येक वर्षं ऐकावं लागतं. मुंबईची मोहिनी डे आज जगभर बास वाजवते. तिचे वडील सुजॉय डे स्वतः बासवादक, म्हणजे वाद्य तिच्या घरातच होतं. आपल्यापैकी किती जणांच्या घरात असतं?

म्हणूनच ते कॉलेजात असायला हवं. म्युझिक रूममध्ये दोन बास, एक रुंद मानेचा, एक निमुळत्या मानेचा, आणि एक बरा अ‍ॅम्प. एवढंच. फेस्टमध्ये एका रात्रीच्या डीजेवर किती जातात, ते कमिटीवाल्यांना विचारा आणि तुलना करा. विकत घेण्याआधी महिनाभर दोन्ही वाजवायला मिळाले, तर ‘प्रिसिजन की जॅझ’चं उत्तर ज्याचं त्याला मिळेल, तेही ग्रुपवर एक मेसेज न टाकता. पुढच्या फेस्टच्या मीटिंगमध्ये हा विषय काढा. बजेट पास होण्याआधी काढा, म्हणजे झालं!