झडतीला सीमा नको काय?

पोलिसांच्या हाती वॉरंट आले की नागरिकाने तोंड मिटावे, अशी आपल्याकडे एक समजूत रूढ आहे. ते वॉरंट कशासाठी आणि कोठवर, हे विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. झडती घराची होती तोवर हे अज्ञान कसेबसे खपून गेले. चोरीची सायकल शोधावयास आलेला फौजदार दागिन्यांची डबी उघडू लागला, तर शेजारीपाजारीही हटकीत. आता झडती होते ती खिशातल्या मोबाइलची, आणि त्याला ना भिंत ना कुंपण. पत्नीशी झालेले बोलणे, वकिलास धाडलेला कागद, डॉक्टरांचा अहवाल, बँकेचा हिशेब, सभेला आलेल्या मंडळींची छायाचित्रे, एवढा सारा संसार त्या एका पेटीत!

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये रायली विरुद्ध कॅलिफोर्निया या खटल्यात एकमताने सांगितले की, अटक केलेल्या माणसाचा फोन सामान्यतः वॉरंटाशिवाय चाळता येणार नाही. निर्णय स्तुत्यच, परंतु खरा प्रश्न त्यापुढे सुरू होतो. वॉरंट मिळाले म्हणजे सगळा फोन पोलिसांचा झाला काय? मिशिगन राज्यात अमली पदार्थांच्या व्यापाराच्या संशयावरून वॉरंट काढून एका आरोपीच्या फोनमधील मजकूर पोलिसांनी उतरवून घेतला. पुढे त्याच मजकुरात त्यांनी एका सशस्त्र लुटीचा पुरावा धुंडाळला. नवे वॉरंट काढण्याची तसदी घेतली नाही. तेथील सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये हा शोध घटनाबाह्य ठरविला. ज्या गुन्ह्यासाठी परवानगी, शोध त्या गुन्ह्यापुरता.

लुटारूचा कैवार कशाला, असे कोणी म्हणेल. आम्हांस लुटारूशी कर्तव्य नाही. 1763 साली इंग्लंडात ‘नॉर्थ ब्रिटन’ पत्राच्या 45 व्या अंकावरून लेखक, मुद्रक व प्रकाशक यांच्याविरुद्ध, कोणाचेही नाव न घालता, वॉरंट निघाले आणि सुमारे 50 माणसे धरली गेली. मोघम वॉरंटाचा घाव प्रथम कोणाच्या मानेवर बसतो, हे वृत्तपत्रवाल्यांना तरी शिकवावे लागू नये. इंग्रज न्यायालयांनीच पुढे अशी वॉरंटे बेकायदा ठरविली.

आणि आपल्याकडे? 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 96 अन्वये, जुन्या कलम 93 प्रमाणेच, न्यायालयाला सर्वसाधारण झडतीचेही वॉरंट काढता येते. झडती एखाद्या जागेपुरती वा तिच्या भागापुरती मर्यादित करण्याची मुभा त्याच कलमात आहे. पण ती मुभा आहे, बंधन नव्हे. सारी मेख येथे आहे. ज्या कर्नाटक उच्च न्यायालयाच्या अधिकारकक्षेत बेळगाव-निपाणी येतात, त्यानेही 2021 मध्ये स्मार्टफोनच्या झडतीसाठी एरवी वॉरंट आवश्यक मानले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी तर 2017 मध्येच खाजगीपणाला मूलभूत हक्काचे स्थान दिले.

मग दंडाधिकाऱ्यांनी सही करण्यापूर्वी गुन्हा कोणता, कोणत्या तारखांमधला मजकूर हवा आणि फोनचा कोणता भाग उघडावयाचा, हे वॉरंटावर लिहावयास कोणती आडकाठी आहे? फोन म्हणजे ‘जागा’ नव्हे, असा शब्दच्छल सरकारी वकील करतील, करोत बापडे. कपाटाचा एक खण उघडा म्हणणाऱ्या न्यायाधीशास फोनचा एक खण उघडा म्हणता येत नाही, हे आम्हांस पटत नाही. गावोगावच्या वकील मंडळींनी यापुढे प्रत्येक जप्तीच्या वेळी वॉरंटाची नक्कल मागावी आणि ते मोघम आढळल्यास त्याच दिवशी न्यायालयात हरकत नोंदवावी.