स्टॅनहोप आणि शिक्षकांना परवाना मागणारा कायदा

बीएडच्या अभ्यासक्रमात शिक्षणाचा इतिहास शिकताना इंग्लंडच्या एका कायद्याचा उल्लेख मला कुठेच भेटला नाही. पुढे वाचनात तो आला आणि उर्दू-मराठी शिकवणारा मास्तर म्हणून मनात रुतून बसला. 1714 चा स्किझम ॲक्ट.

अँग्लिकन चर्चला न मानणारे प्रोटेस्टंट म्हणजे डिसेंटर. ऑक्सफर्डचे दार त्यांना बंद, केंब्रिजची पदवी मिळत नसे. म्हणून त्यांनी स्वतःच्या अकादम्या काढल्या. न्यूइंग्टन ग्रीनला चार्ल्स मॉर्टन लॅटिन सोडून इंग्रजीतून शिकवत. 'रॉबिन्सन क्रूसो' लिहिणारा डॅनियल डिफो त्यांचाच विद्यार्थी. माध्यमाचा वाद आपल्याला काही नवा नाही!

या अकादम्या बंद पाडण्यासाठी हा कायदा आला. शिक्षकाने बिशपचा परवाना घ्यायचा, अँग्लिकन पद्धतीनेच उपासना करायची, नाहीतर तीन महिने तुरुंग. फक्त वाचन, लेखन, अंकगणित, नौकानयन इंग्रजीतून शिकवणाऱ्यांना सूट. म्हणजे यांची मुले हिशेब करोत, जहाजे हाकोत, त्यापुढची तालीम मात्र नको. आणि कायद्यामागे जोर कुणाचा? बॉलिंगब्रोकचा, ज्याची स्वतःची ख्रिस्ती धर्मावर श्रद्धा नव्हती. धर्म त्याच्यासाठी मतांचे गणित होते. कायदा 1 ऑगस्ट 1714 पासून लागू व्हायचा होता. नेमक्या त्याच दिवशी राणी ॲन वारली आणि बॉलिंगब्रोकची सत्ता गेली.

कायदा मात्र पुस्तकात राहिला. तो काढला जेम्स स्टॅनहोपने. जन्म 1673, पॅरिसमध्ये. मुत्सद्द्याचा मुलगा, चेस्टरफील्डच्या अर्लचा नातू. पेशाने सेनानी. 1708 मध्ये त्याने मिनोर्का जिंकले, 1710 मध्ये ब्रिहुएगाला शरणागती पत्करून तो स्पेनचा कैदी झाला. परतल्यावर मंत्री, 1718 मध्ये अर्ल. 1719 मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप विल्यम वेक यांचा विरोध असतानाही त्याने स्किझम ॲक्ट रद्द करवून घेतला.

त्याला मी संत म्हणणार नाही. डिसेंटर लोक त्याच्या व्हिग पक्षाच्या पाठीशी होते, त्यात त्याचा फायदा होताच. त्याच वर्षी त्याने लॉर्ड्सच्या सभागृहात नव्या सरदारांची भरती जवळपास थांबवणारे विधेयक आणले. ते वॉलपोलने पाडले. एकीकडे शाळेचे दार उघडणारा, दुसरीकडे आपल्याच वर्गाचे दार लावून घेणारा. सवलत देणाऱ्याचा हेतू तपासावा, पण म्हणून सवलत नाकारायची? मला तरी तसे वाटत नाही. शाळा वाचली, हे खरे.

पण सवलत आणि हक्क एक नव्हेत. सरकारी पदांसाठी अँग्लिकन चर्चचा संस्कार घ्यावा लागे, ती टेस्ट ॲक्टची अटही स्टॅनहोपला काढायची होती. कॅथलिकांवरचे निर्बंधही सैल करायचे होते. दोन्ही जमले नाही. टेस्ट ॲक्ट गेला 1828 साली, म्हणजे शंभरावर वर्षांनी. आपल्या संविधानातल्या कलम 30 कडे 'लाड' म्हणून बघणाऱ्यांनी ही शंभर वर्षे जरूर मोजावीत. आणि आपल्या संस्थाचालकांनीही, ज्यांना तो हक्क आयता मिळाला आणि ज्यांच्या वर्गात आज प्रयोगशाळेचे कुलूप गंजले आहे.

स्टॅनहोप फेब्रुवारी 1721 मध्ये गेला. साउथ सी कंपनीच्या घोटाळ्यावरून लॉर्ड्समध्ये ड्यूक ऑफ व्हार्टनने त्याच्यावर तोफ डागली. उत्तर देताना त्याचा संताप अनावर झाला, तब्येत बिघडली आणि दुसऱ्या दिवशी तो वारला.